कांद्याची पात फिरवणारी पोरगी

परभणीत २०१०च्या आगेमागे ‘कार्ड भरून देणे’ हा एक प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. स्टेशन रोडपासून गांधी पार्कापर्यंत दर चार दुकानांमागे एक काचेचं काउंटर असायचं, काउंटरमागे कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरमागे अर्धा दिसणारा एक पोरगा. बाहेर पाटी : ‘येथे डाउनलोडिंग करून मिळेल’. आपण मोबाइलची बॅटरी उचकटून तिच्याखालचं मेमरी कार्ड काढायचं, दहा-वीस रुपये काचेवर ठेवायचे आणि पोराच्या एकुलत्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं.

“काय टाकू?”

“टाक सगळं.”

परभणीकर सहसा निवडानिवड करत नाही. पैसे दिलेत तर कार्ड काठोकाठ भरलं पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा. मग पोरगा हिंदी टाकायचा, मराठी टाकायचा, डीजे टाकायचा, हरिपाठ, कव्वाली आणि भीमगीतं एकाच झपाट्यात टाकायचा, आणि तरीही कार्डात जागा उरली तर ती भरायला एक फोल्डर ठेवलेला असायचा. त्याचं नाव ‘कॉमेडी’, नाहीतर ‘फनी’, नाहीतर नुसतंच ‘न्यू फोल्डर २’. हे फोल्डर कुणी कधी मागितल्याचं मला आठवत नाही. पण घरी गेल्यावर हरिपाठाच्या आधी तेच उघडलं जायचं.

त्यात हेल्मेट आणि गॉगल घातलेला एक राखाडी बेडूक होता. नारिंगी चड्डी घातलेलं जेलीचं हिरवं अस्वल होतं. लंगोटातलं एक बाळ होतं, ते मोठ्या माणसासारखी कंबर हलवत नाचायचं. आणि एक पोरगी होती. तांबूस केसांची, मोठ्या डोळ्यांची, कार्टूनमधली. ती एका जागी उभी राहून हातातली कांद्याची पात गरागरा फिरवायची आणि मागे कुठल्यातरी परदेशी बायका भरधाव काहीतरी म्हणत असायच्या. बास. पुढे काही नाही. पात फिरतच राहायची. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, ‘थ्री जीपी’ जातीचं, १७६ बाय १४४ ठिपक्यांचं. त्यामुळे पोरगीच्या चेहऱ्यावरचे भाव कोणते, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर जायची ती ब्लूटूथनं. दोन माणसं आपापले फोन एकमेकांना टेकवून, श्वास रोखून उभी राहायची. ब्लूटूथ दहा मीटरवर चालतं, हे आमच्या गावात कुणालाच मान्य नव्हतं. जितकं जवळ धराल तितकं लवकर जातं, अशी ठाम समजूत होती. यादीत आसपासच्या फोनांची नावं उमटायची : डॉन, किंग, आईचा आशीर्वाद, नाद करू नको. ‘आईचा आशीर्वाद’कडून ‘डॉन’कडे ती पोरगी पात फिरवत निघायची. कुणी बनवली, कुठून आली, का फिरवते, काही नाही. फार तर एखादी वहिनी विचारायची, “काऊन फिरवायली ती?” त्यावर उत्तर ठरलेलं : “फॉरेनचं हाय.” वहिनीचं तेवढ्यानं समाधान व्हायचं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं.

बेडकाची गोष्ट वेगळी. पोरगी निदान एका जागी उभी राहायची. बेडकानं जिल्हा व्यापला होता. परभणीहून जिंतूरला निघालेली लाल एसटी, मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, आणि मागच्या सीटवर कुणाच्यातरी चायना मोबाइलवर तो सुरू झालेला. चायना मोबाइल विकत घेताना लोक कॅमेरा वगैरे बघत नसत, स्पीकर किती ते बघत. बेडकाच्या आरोळीनं खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. पुढच्या सीटवरच्या एका पागोटेवाल्या बाबांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग मागे वळून म्हणाले, “आरं, त्याला पाणी पाजा की कुनी तरी. कव्हाचं बोंबलायलंय.”

बाबांचा जीव कळवळला हे ठीक, पण तो आवाज मुळात बेडकाचा नाहीच. १९९७ साली डॅनियल माल्मेडाल नावाच्या एका स्वीडिश पोरानं तोंडानं टू-स्ट्रोक मोपेडचा आवाज काढला आणि रेकॉर्ड केला. मोपेड म्हणजे लुना. आमच्या वर्गातही लुनाचा आवाज काढणारा एक होता. किक मारण्यापासून चढावर दम लागण्यापर्यंत सगळं तो नुसत्या तोंडानं करायचा, आणि मास्तर त्याला बाकावर उभं करायचे. स्वीडनमध्ये तो आवाज इंटरनेटवर फिरत राहिला. २००३ मध्ये एरिक वेर्नक्विस्ट या चित्रकारानं त्याला बेडूक जोडला. मग तो एका रिंगटोनवाल्या कंपनीच्या हाती लागला आणि २००५ मध्ये ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ सिनेमातल्या जुन्या धुनेवर बसवला गेला. तो ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिला आला आणि कोल्डप्लेसारख्या बँडला त्याच्या मागे उभं राहावं लागलं. आमचा लुनावाला पंचायत समितीत चिकटला. गुणवत्तेत फरक नव्हता, मास्तरांत होता.

याच बेडकाबद्दल आमच्या मावशीनं एक मुद्दा काढला होता. चुलीपुढून उठून ती मोबाइलपाशी आली, पदरानं कपाळ पुसत बारकाईनं बघितलं आणि म्हणाली, “डोक्याला टोपडं हाय, अंगात जाकीट हाय. मंग चड्डी कुठंय?” आम्ही हसलो. पण ब्रिटनमध्ये २००५ साली टीव्हीवर या बेडकाची जाहिरात लागायची तेव्हा नेमक्या याच बाबीवर प्रेक्षकांच्या तक्रारी गेल्या होत्या, आणि पुढे काही ठिकाणी बेडकाचा तेवढा भाग झाकावा लागला. मावशीला हे वेळेत कळलं असतं तर त्या अर्जावर एक अंगठा परभणी जिल्ह्याचाही पडला असता.

लंगोटातलं बाळ या सगळ्यांपेक्षा वडीलधारं. ते १९९६ सालचं. एका अमेरिकन कंपनीनं आपल्या थ्री-डी सॉफ्टवेअरचा नमुना म्हणून केलेलं, पुढे ईमेलमधून जगभर नाचत गेलेलं. परभणीत मात्र त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती लग्नाच्या व्हिडिओत. आमच्याकडे लग्नाची कॅसेट, नंतर सीडी, ‘मिक्सिंग’ला जायची. मिक्सिंगवाला हा जिल्ह्यातला खरा स्वतंत्र कलावंत. नवरीच्या डोळ्यात नवरदेव, नवरदेवाच्या डोळ्यात नवरी, दोघांच्या मागे स्वित्झर्लंडचे डोंगर, वरून गुलाब, खालून हंस. माझ्या एका चुलतभावाच्या सीडीत आहेराचा कार्यक्रम चालू असताना डाव्या कोपऱ्यातून ते बाळ निघतं, स्टीलचा डबा देणाऱ्या मामांच्या पायापाशी कंबर हलवतं आणि उजवीकडे निघून जातं. का? मिक्सिंगवाल्याला वाटलं म्हणून. कुणी हरकत घेतली नाही. उलट मामांनी विचारलं, “आपल्या डब्याच्या टायमालाच आलं ना ते?”

हे सगळं मोबाइलमध्ये येण्याआधीचा काळ नेटकॅफेचा. पडदे लावलेले खोके, रजिस्टरात नाव-पत्ता, आणि टेलिफोनच्या तारेवरून खरखरत येणारं इंटरनेट. त्या काळात हे वेड पसरलं ते ‘फ्लॅश’मुळे, आणि त्याचं कारण मोठं व्यावहारिक आहे. फ्लॅश चित्रं साठवत नसे, चित्र कसं काढायचं ते साठवत असे : इथून तिथे रेघ, एवढा गोल, आत हिरवा रंग. त्यामुळे अख्खं कार्टून गाण्यासकट चार-पाचशे केबीत बसायचं. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर ते कागदावर मिनिट-सव्वा मिनिटाचं काम. परभणीत तेवढ्या वेळात पट्टा ‘लोडिंग’ म्हणत नव्वद टक्क्यांपर्यंत यायचा, आणि लोडशेडिंग सुरू व्हायचं. जगातल्या कित्येक अजरामर अ‍ॅनिमेशन्सचा मी नव्वद टक्क्यांपर्यंतचा जाणकार आहे.

फ्लॅशची दुसरी खोड अशी की ‘थांब’ म्हणून स्पष्ट सांगितलं नाही, तर फाइल संपल्यावर आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. घरात बसून कार्टून करणाऱ्या पोरांना हे फार सोयीचं पडलं. चार चित्रं काढा, एक गाण्याचा तुकडा जोडा, आणि थांबवायचं विसरून जा. गाणं शक्यतो लहान मुलांचं घ्या, कारण ते छोटं असतं आणि फिरून फिरून लागलं तरी डोक्यातून जात नाही. आणि शक्यतो परक्या भाषेतलं घ्या, म्हणजे शब्दांशी चित्राचा संबंध जुळवायची कटकट नाही. २००१ मध्ये नील सिसिरेगा नावाच्या चौदा वर्षांच्या अमेरिकन पोरानं पोकेमॉनचं एक जपानी गाणं घेतलं आणि त्यावर हाताला लागतील ती चित्रं नाचवली. मध्येच एका कॅनेडियन विनोदी नटाचा चेहरा, तोही विनाकारण. त्या चित्राचं नाव ‘ह्याकुगोज्यूइची’, आणि त्याच्या नकलांची जी लाट आली तिला पुढे ‘अ‍ॅनिम्युटेशन’ असं भारदस्त नाव मिळालं. आमच्या मिक्सिंगवाल्याला असलं नाव कुणी दिलं नाही.

आता मूळ पोरगीकडे येतो. ती ‘ब्लीच’ नावाच्या जपानी कार्टून मालिकेतली ओरिहिमे. मालिकेत ती पात क्षणभरच फिरवते. मागचं गाणं फिनलंडचं, ‘इएवान पोल्का’. त्याचे शब्द एइनो केट्टुनेन यांनी १९२८ साली जुन्या लोकधुनेवर लिहिले, तेही तिकडच्या सावो भागाच्या बोलीत. मजकूर असा की एक पोरगा इएवा नावाच्या पोरीबरोबर नाचायला निघालाय आणि पोरीच्या आईचा तिच्यावर डोळा आहे. म्हणजे कथानक पाथरी-मानवतच्या कुठल्याही गल्लीतलं. हे गाणं ‘लोइटुमा’ या चौघांच्या चमूनं वाद्यांशिवाय म्हटलं, आणि २००६ मध्ये कुणीतरी त्या चमूचा आवाज आणि त्या पोरीची पात एकत्र आणली. जपानी पोरगी, फिनलंडचे गळे, फिरवली रशियातल्या इंटरनेटवरून, पोचली नानल पेठेत.

यातली गंमत पुढेच आहे. पात फिरवतानाचा जो तुकडा वाजतो, तो गाण्याच्या मूळ शब्दांतला नाही. गाणारणीनं मध्ये जे सुचेल ते झपझप म्हटलंय, त्याला फिनिश भाषेतही अर्थ नाही. म्हणजे हेलसिंकीचा विद्वान प्राध्यापक आणि आमचा कार्डवाला पोरगा, दोघांनाही त्यातलं अगदी सारखंच कळत होतं. जगात इतकी समानता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

योगायोग सांगायचा तर लोइटुमानं ते गाणं रेकॉर्ड केलं १९९५ साली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि त्याच वर्षी परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. या तीन घटनांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण या लेखात कशाचा कशाशी आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की, या असल्या चित्रांना परभणीपेक्षा लायक प्रेक्षक मिळाला नसता. न्यूयॉर्कच्या माणसाला ते विक्षिप्त वाटलं असेल. आम्हाला ओळखीचं वाटलं. लहानपणी कीर्तनात ज्ञानेश्वरांच्या नावावरचा तो कूट अभंग ऐकलेला. काट्याच्या टोकावर तीन गावं वसतात, दोन ओसाड आणि तिसरं वसतच नाही. न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात, दोन थोटे आणि तिसऱ्याला घडवता येत नाही. न घडवता येणारा तीन मडकी घडवतो. महाराज मग तासभर त्याचा अर्थ सांगत, तिन्ही गुण आणि तिन्ही अवस्था उलगडत. पण आम्ही पोरं सतरंजीवर लोळून हसायचो ती अर्थाच्या आधी, थोट्या कुंभारांपाशी. अर्थ सुरू झाला की झोप यायची. कांद्याची पात फिरवणारी ही पोरगी त्या न वसलेल्या गावातलीच असणार, फक्त तिच्यावर निरूपण करायला अजून कुणी महाराज मिळाला नव्हता.

शिवाय ज्या शहराबद्दल ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं सबंध मुलूख बोलतो आणि त्याचा नक्की अर्थ विचारला की प्रत्येक जण नवा सांगतो, त्या शहराला निरर्थकाचं भय कशाला? परभणीकर ही म्हण पाहुण्याला स्वतःच ऐकवतो, वर हसतो आणि मग चहा मागवतो.

आम्ही परदेशी लोकांच्या बेडकाला हसत होतो तेव्हा ते गप्प बसले होते असंही नाही. २००७ मध्ये एका अमेरिकन माणसानं प्रभुदेवाचं एक तमिळ गाणं घेतलं आणि इंग्रजी कानाला जे काही ऐकू येईल ते बिनदिक्कत खाली अक्षरांत लिहून टाकलं. गोरे लोक प्रभुदेवाचं नाव ‘बेनी लावा’ समजून पोट धरून हसले. परभणीत ते चित्र आलं तेव्हा इथले लोक आधी नाच बघायला बसले, कारण त्या कमरेपुढे अक्षरं कोण वाचतो. आणि तमिळ आम्हाला तरी कुठं येत होतं? त्यामुळे त्या दिवशी कोण कुणाला हसलं याचा हिशेब अजून लागलेला नाही.

पुढे हे सगळं आटोपलं. ३० नोव्हेंबर २००९ला आयएमईआय नंबर नसलेले चायना मोबाइल सरकारनं बंद पाडले. लोक पैसे भरून त्यांना नंबर टाकून घ्यायला रांगेत उभे राहिले. बेडूक त्यातूनही वाचला, कारण तो कार्डात होता. त्याला मारलं जिओनं. ५ सप्टेंबर २०१६ नंतर कार्ड भरायचं कारणच उरलं नाही. ती पाटी उतरली, आता त्याच काउंटरवर टेम्पर्ड ग्लास मिळते. ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशचाही कारभार संपला. इंटरनेट अर्काइव्हनं बरीच जुनी फ्लॅश चित्रं चालती ठेवलीत म्हणे. मी तिथं जाऊन एक उघडलं. ते ताबडतोब सुरू झालं. लोडिंगचा पट्टा नाही, काही नाही. मजा आली नाही.

घरात आता पुतण्याचं राज्य. परवा त्याच्या मोबाइलमध्ये एक मांजर मान हलवत होतं आणि मागे एक लहान मुलगी ‘चिपी चिपी’ असं काहीतरी गात होती. मी स्वरात शक्य तेवढा वडीलधारेपणा आणून विचारलं, “हे काय बघायलास?” त्यानं न बघता सांगितलं की हे चिलीमधल्या क्रिस्टेल नावाच्या मुलीचं गाणं आहे, २००३ सालचं. नंतर त्यानं बूट घातलेला तीन पायांचा शार्क दाखवला, तो इटालियनमध्ये बडबडत होता. त्याचंही नाव त्याला पाठ. अंगाला विमान असलेल्या मगरीचंही. कोण कुणाला हरवतो, कोण कुणाचा नातेवाईक, सगळं पाठ. मला हे पटत नाही. आमच्या बेडकाला आम्ही कधी आडनाव विचारलं नव्हतं.

मी त्याला पोरगी दाखवली. त्यानं थोडा वेळ बघितली.

“काका, पुढे काय होतं?”

“काही नाही. फिरवते.”

“आणि मग?”

“फिरवते.”

त्यानं फोनला विचारून गाण्याचा अर्थ काढायचा प्रयत्न केला. जरा वेळानं म्हणाला, “या भागाला अर्थच नाहीये.” जणू माझा माल नासका निघाला.

पण ती पोरगी मला सापडली कशी, हे सांगायचं राहिलं. नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, अशी वस्तू शोधायची कशी? शेवटी दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं : “ती कांद्याची पात फिरवणारी पोरगी कोणाकडे आहे का?” सकाळचे सुविचार आणि गुलाबाची फुलं टाकून झोपी जाणारा तो ग्रुप खडबडून जागा झाला. सेलूच्या एकाकडे जुन्या कार्डात ती निघाली. ‘न्यू फोल्डर २’मध्येच. मग गंगाखेडच्या एकीनं लिहिलं की ती कांद्याची पात नाही, लसणाची आहे. पूर्णेच्या एकानं ते ऊस असल्याचं सांगितलं, त्याला ग्रुपमधून काढावं अशी मागणी झाली. वाद दोन्ही बाजूंनी पेटला आणि कुणाला तरी आठवलं की आपल्यातला एक जण कृषी विद्यापीठातून एमएस्सी झालाय.

इथल्या विद्यापीठाचा आम्हाला अभिमान आहे. ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात त्यांचीच. केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून देशभर गेली. तिला फिरवायला एखादी जपानी पोरगी मिळाली असती तर परभणीचं नाव कुठल्या कुठे गेलं असतं, पण ते असो.

एमएस्सीवाल्यानं दिवसभर उत्तर दिलं नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर त्याचा लांबलचक मेसेज आला. सदर वनस्पती कांद्यासारखी दिसत असली तरी तिला गड्डा नाही. जपानी चित्र असल्यानं ती ‘नेगी’, म्हणजे अ‍ॅलियम फिस्टुलोसम असावी. मात्र इंग्रज लोक जिला ‘लीक’ म्हणतात, ती अ‍ॅलियम अ‍ॅम्पेलोप्रासम, वेगळी. दोन्हीला निचऱ्याची जमीन लागते, भारी काळ्या रानात पाणी साचल्यास मुळं सडतील. फुलकिडे आणि जांभळा करपा यांवर लक्ष ठेवावं. फवारणी वारं नसताना करावी. शेवटची ओळ त्यानं ठळक अक्षरांत दिली होती : फिरवल्यामुळे उत्पादनात वाढ झाल्याची नोंद नाही.